बसची वेळ आणि घरचे ताट



घरात आजारपण आले की आपण पहिला दोष हवेला देतो, दुसरा पाण्याला आणि तिसरा फवारणीच्या औषधांना. या तिन्हींत तथ्य असेलही. परंतु आणखी एका कारणाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ते म्हणजे आपली रोजची ये-जा. घरातील माणसे सकाळी किती वाजता बाहेर पडतात, कोणत्या वाटेने जातात आणि रात्री किती वाजता परततात, यावर त्यांच्या पोटात काय जाते हे पुष्कळ अंशी ठरते. शेतात काय पिकते आणि खिशात किती पैसे आहेत याला महत्त्व आहेच. पण पीकही आहे, पैसाही आहे, आणि तरी घरची बाई अशक्त व घरचा पुरुष मधुमेही, असे जेव्हा दिसते तेव्हा त्या घराचे जाण्या-येण्याचे वेळापत्रक तपासून पाहावे. या अंकात आम्ही बेळगाव व खानापूर या आपल्या परिचयाच्या तालुक्यांचे उदाहरण घेऊन हा विषय मांडत आहोत.

शेताची वाट आणि शहराची वाट

पूर्वी बहुतेक घरांतील माणसांची वाट घर ते शेत एवढीच असे. सकाळी न्याहारीला भाकरी व रात्रीची आमटी, दुपारी बांधावर शिदोरी, सांजेला घरी गरम जेवण. जेवणात चैन नव्हती, पण वेळ ठरलेली होती. शिवाय ती वाट स्वतःच भाजी पुरवीत असे. पावसाळ्यात बांधाबांधाने चालणारी बाई घरी परतताना ओट्यात तांदुळजा, घोळ, कुर्डू, टाकळा घेऊन येई. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नसे आणि पैसाही लागत नसे.

आज त्याच घरातील दोन-तीन माणसे पहाटे बसथांब्यावर उभी असतात. कोणी उद्यमबागेतील कारखान्यात, कोणी बांधकामावर, कोणी दुकानात, कोणी चार घरची धुणीभांडी करण्यास शहरात जाते. शेती राहिली आहे, पण ती सुट्टीच्या दिवशी आणि हंगामापुरती. शहराच्या वाटेवर बांध नाही, चहाची टपरी आहे, बेकरी आहे, वड्याची गाडी आहे. वाट बदलली तसे खाणे बदलले. हा बदल कोणी ठरवून केला नाही, म्हणूनच तो कोणाच्या ध्यानातही आला नाही.

यात शहरात जाणाऱ्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. शहरातल्या मजुरीने मुलांच्या फिया भरल्या जातात, घरावर कौले चढतात, कर्ज फिटते. ये-जा थांबवावी असे आम्ही म्हणत नाही. ये-जा आहे असे धरूनच घरचे ताट कसे राखावे, एवढाच प्रश्न आहे.

पिकते दारात, मिळते बाजारात

माणसांप्रमाणे अन्नाचाही प्रवास असतो. आपल्या भागातील बटाटा, रताळी, गाजर, कोबी, मिरची बेळगावच्या बाजारात जाते आणि तेथून मोठा भाग घाट उतरून गोव्याला जातो. गोव्याच्या ताटातील भाजी बेळगाववर किती अवलंबून आहे हे 2020 च्या मार्च महिन्यात साऱ्यांनी पाहिले. टाळेबंदीने गाड्या अडल्या, तिकडे भाजीची टंचाई झाली आणि इकडे शेतकऱ्यांचा माल पडून राहिला.

परंतु याच प्रवासाची दुसरी बाजू घरात दिसते. शेतकरी एक-दोन नगदी भाज्यांचा पट्टा लावतो आणि सगळा माल पहाटेच्या गाडीत भरतो. घरासाठी बाजूला काढावे असे मनात असते, पण काढणारी व्यक्ती पाचच्या बसची घाई करीत असते. मग सायंकाळी तीच बाई शहरातून परतताना थांब्याजवळची कोमेजलेली मेथीची जुडी विकत आणते. पालेभाजी कोमेजते तसतसे तिच्यातील क जीवनसत्त्व कमी होते, म्हणजे पैसे देऊन कमी कसाची भाजी घरी येते. घरी पोचायला उशीर झाला तर तीही निवडायचे राहते आणि रात्री भात-आमटी व लोणच्यावर भागते.

दुधाचेही तसेच. डेअरीची वेळ चुकू नये म्हणून धार काढली की बरणी लगेच डेअरीच्या वाटेला लागते. घरात राहते ते चहापुरते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली सुधारित आहारसूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत 2000 उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटासाठी 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे, 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी, अंडी किंवा मांस-मासळी आणि 300 मिलिलिटर दूध किंवा दही असे प्रमाण दिले आहे. येथे भाजी धान्याहून जास्त आहे, हे पाहावे. आपल्या ताटात बहुधा याच्या उलट असते. भाजी पिकविणाऱ्याच्या ताटात भाजी कमी पडावी ही खेदाची गोष्ट आहे. पण तिचे कारण आळस नसून पहाटेची घाई आहे, आणि म्हणून तिच्यावर उपायही आहे.

रिकाम्या पोटी चहा

पहाटे निघणारा माणूस बहुधा कपभर चहा घेऊन निघतो. थांब्यावर दुसरा चहा आणि सोबत खारी, टोस्ट किंवा बिस्किटे. दहाच्या सुमारास तिसरा चहा. या सर्वांतून साखर व मैदा पोटात जातो, पण डाळ, भाजी, दूध यांतले फारसे काही जात नाही. दुपारी भूक भडकते तेव्हा वडापाव हाताशी असतो. रात्री नऊ-साडेनऊला दिवसभराची भूक एकाच वेळी भागविली जाते आणि लगेच अंथरूण गाठले जाते.

याचे परिणाम स्त्री व पुरुष दोघांवर होतात. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या दर शंभर भारतीय स्त्रियांपैकी 57 स्त्रियांच्या रक्तात लालपणा कमी आढळला. याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक कारण आपल्या हाती आहे. चहातील तुरट द्रव्ये अन्नातील लोह शरीरात शिरू देत नाहीत. म्हणून जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. निदान तासभर अंतर ठेवावे. उलट लिंबू, पेरू, आवळा, कच्ची कोशिंबीर जेवणाबरोबर असली तर भाजी-डाळीतील लोह अधिक अंगी लागते. डब्यात लिंबाची एक फोड ठेवणे हे औषधाइतकेच मोलाचे आहे. मात्र थकवा, धाप, चक्कर असे त्रास असतील तर रक्त तपासून घ्यावे. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 हून कमी आणि गरोदर स्त्रीचे 11 हून कमी असेल तर केवळ आहारावर विसंबू नये. आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.

मधुमेह आता शहराचा रोग राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लक्ष मधुमेही आहेत. प्रवास करणाऱ्या मधुमेह्याने एक धोका विशेष जाणून घ्यावा. सकाळी गोळी किंवा इन्शुलिन घेतले, खाणे मात्र राहिले आणि बस रस्त्यात अडकली, तर रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे आहेत. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी व नंतर खायला घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्यावे. म्हणून गोळी व न्याहारीची सांगड डॉक्टरांना विचारून बसवावी आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी.

डबा कसा भरावा

बाहेरच्या खाण्यापेक्षा घरचा डबा चांगला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पहाटे साडेचारला रांधलेले अन्न दुपारी एकला खाल्ले जाते, म्हणजे ते साडेआठ तास डब्यात असते. 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात अन्नातील जंतू झपाट्याने वाढतात आणि डबा सबंध वेळ त्याच तापमानात राहतो. शिजविलेल्या भाताची विशेष काळजी घ्यावी. भातातील एका जातीच्या जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की ती रुजून उलट्या-जुलाब होतात. तोच भात पुन्हा गरम केला तरी त्यातील विष जाईलच असे नाही.

तेव्हा लांबच्या प्रवासासाठी कोरडा डबा बरा. भाकरी किंवा चपाती, परतलेली सुकी भाजी, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, कांदा, लिंबू हे टिकते. ओल्या नारळाचे वाटण, पातळ आमटी, ओला भात हे पहाटेच्या डब्यात घालू नये, ते रात्रीच्या जेवणासाठी राखावे. अन्न गरम असताना झाकण घट्ट लावल्यास आत पाणी सुटते आणि अन्न लवकर आंबते. म्हणून वाफ जाऊ देऊन मग डबा बंद करावा. दुपारपर्यंत ज्या अन्नाला वास किंवा तार सुटली असेल ते "टाकवत नाही" म्हणून खाऊ नये.

सकाळी घरी खाण्यास वेळ नसेल तर बसमध्ये खाता येईल अशी न्याहारी आपल्याच शेतात पिकते. रात्री उकडून ठेवलेले रताळे, मूठभर भाजके शेंगदाणे, एक केळे, एवढे खाऊन चहा घेतल्यास बिस्किटांची गरज पडणार नाही. मधुमेह्याने रताळे व केळे बेतानेच घ्यावे. नाचणीची आंबील हीही उत्तम. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते नाममात्र असते. पहाटे पेलाभर आंबील पिऊन निघणाऱ्याला दहा वाजेपर्यंत टपरीची आठवण होत नाही.

पाणी न पिण्याची सवय

ही गोष्ट आमच्या भगिनी उघड बोलत नाहीत, म्हणून आम्ही ती येथे स्पष्ट लिहितो. शहरात, बांधकामावर किंवा थांब्यावर स्वच्छ शौचालय नसते, म्हणून अनेक स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यामुळे लघवीची जळजळ, मूत्रमार्गाचा दाह, बद्धकोष्ठ, डोकेदुखी आणि काहींना मुतखडा होतो. गरोदरपणी मूत्रमार्गाचा दाह आईला व बाळाला दोघांनाही घातक ठरू शकतो. पाणी थोडे थोडे, पण दिवसभर प्यावे. शहरात कोठे स्वच्छ सोय आहे हे एकमेकींना सांगावे. जळजळ, ताप किंवा कंबरेत वेदना असल्यास आरोग्य केंद्रात जावे. आणि कामावर स्त्रियांसाठी शौचालयाची मागणी करणे यात लाजण्यासारखे काही नाही.

चालणे सोडू नये

घरोघरी मोटारसायकल आली ही सोय झाली. पण घरापासून थांब्यापर्यंतचे चालणेही तिच्यामुळे गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने आठवड्यात निदान 150 मिनिटे बेताचा व्यायाम करावा. आता हिशेब पाहा. थांबा एक किलोमीटरवर असेल तर चालत जाण्यास सुमारे 12 मिनिटे लागतात. येऊन-जाऊन 24 मिनिटे, सहा दिवसांची 144 मिनिटे. म्हणजे जवळजवळ सगळा व्यायाम केवळ थांब्याच्या वाटेवर होतो. त्याला पैसा लागत नाही की वेगळा वेळ. शेतात दिवसभर राबणाऱ्याला ही चिंता नव्हती. पण जो दिवसभर यंत्रापुढे उभा राहतो किंवा दुकानात बसतो, त्याला ती आहे. तब्येत बरी असणाऱ्याने एक किलोमीटरसाठी गाडी काढू नये.

मागे राहणारी माणसे

ये-जा करणाऱ्यांचा विचार झाला. पण घरी राहणाऱ्यांचे काय? पहाटेची रांधलेली भांडी झाकून सून बाहेर पडते आणि म्हाताऱ्या सासूसासऱ्यांना तेच अन्न दुपारी व कधी कधी सायंकाळीही खावे लागते. दात नसलेल्या माणसाला थंड, वातड भाकरी चावत नाही. मग चहात बिस्कीट बुडवून वेळ भागविली जाते. घरी चूल पेटविणारे कोणी नसेल तर ताक, मऊ खिचडीचे साहित्य, पिकलेली केळी, भिजविलेली नाचणी त्यांच्या हाताशी ठेवावी. शेजारच्या दोन घरांनी मिळून एका घरी दुपारची चूल पेटविली तर चार म्हाताऱ्या माणसांना गरम घास मिळेल.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. कर्नाटकात 2002 पासून टप्प्याटप्प्याने शाळांतून दुपारचे गरम जेवण सुरू झाले, ऑगस्ट 2013 पासून दूधही मिळू लागले आणि पुढे अंडे, न खाणाऱ्यांस केळे, यांची भर पडली. हे सरकारी व अनुदानित शाळांत मिळते, विनाअनुदानित खासगी शाळांत नाही. गावची शाळा सोडून मूल व्हॅनने शहरातील खासगी शाळेत जाऊ लागले की त्याचे हे जेवण सुटते. शाळा कोणती निवडावी हा पालकांचा अधिकार आहे. पण खासगी शाळा निवडली तर ते दूध, ते अंडे आणि ते गरम जेवण घरातून भरून द्यावयास हवे, याची जाणीव असावी. व्हॅनमध्ये मिळणाऱ्या कुरकुरीत पुड्यांनी ती भरपाई होत नाही.

तशीच मातृपूर्णा योजना. 2 ऑक्टोबर 2017 पासून कर्नाटकात गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांना अंगणवाडीत दिवसातून एक पूर्ण जेवण देण्यास प्रारंभ झाला. जेवण अंगणवाडीत येऊन घ्यावे अशी तिची मूळ रचना आहे. म्हणजे जी गरोदर बाई पहाटे शहरात कामाला जाते, आणि जिला या जेवणाची सर्वांत जास्त गरज आहे, तीच त्यास मुकते. अशा बहिणीने अंगणवाडी सेविकेला भेटून आपली अडचण सांगावी, आणि शेवटच्या महिन्यांत तरी घरच्यांनी तिची ये-जा थांबवावी.

वाचलेले भाडे आणि रेशन

11 जून 2023 पासून कर्नाटकातील स्त्रियांना शक्ती योजनेखाली राज्याच्या हद्दीत सरकारी साध्या बसचा प्रवास विनामूल्य झाला. चंदगड, कोल्हापूर किंवा गोव्याकडे जाताना हद्दीपलीकडे ही सवलत नाही. एका वेळचे भाडे 20 रुपये धरले तर महिन्याच्या 26 दिवसांचे, येण्या-जाण्याचे मिळून 1040 रुपये वाचतात. ही रक्कम वेगळी न ठेवल्यास टपरीवर व थांब्यावरच्या खाऊत कधी विरून जाते हे कळत नाही. आमची सूचना अशी की वाचलेले भाडे घरातील डाळ, अंडी व दुधासाठी वेगळ्या डब्यात ठेवावे. दवाखान्याच्या फेऱ्याही आता बसभाड्यामुळे टाळण्याचे कारण नाही.

रेशनचे धान्य आणण्यास अंगठा देणारा माणूस दुकानाच्या वेळेत गावी हवा, ही ये-जा करणाऱ्यांची जुनी अडचण. "एक देश एक रेशनकार्ड" ही सोय 2022 पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली. तिच्यामुळे अन्नसुरक्षा कायद्याखालील कार्डधारकास कामाच्या ठिकाणाजवळच्या स्वस्त धान्य दुकानातूनही धान्य घेता येते. ज्या घरातील सर्वजण दिवसा बाहेर असतात त्यांनी ही सोय वापरावी, रेशन बुडू देऊ नये.

आठवड्याची आखणी

रविवारी मिस्सेनंतर सारे घर एकत्र असते. त्या दिवशी अर्धा तास बसून पुढील आठवड्याची आखणी करावी.

1. कोण किती वाजता निघणार व परतणार हे मांडावे आणि त्याप्रमाणे न्याहारी, डबा व रात्रीचे जेवण ठरवावे. रात्रीचे जेवण जमेल तितके लवकर घ्यावे.

2. बाजाराची गाडी भरण्यापूर्वी, आदल्या सायंकाळीच, घरच्या भाजीचा वाटा काढावा. ओल्या फडक्यात गुंडाळून गार जागी ठेवल्यास पालेभाजी सकाळपर्यंत ताजी राहते. दुधाचेही माप आधी घरचे, मग डेअरीचे.

3. परसात न्हाणीच्या पाण्यावर शेवगा, कढीलिंब, लिंबू, पपई, आळू लावावे. पालेभाजीचे दोन वाफे पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावे. बांधावरची रानभाजी तणनाशक मारलेल्या जागेवरून खुडू नये.

4. मूग, मटकी, हुलगे सकाळी निघताना भिजत घालावे, रात्री फडक्यात बांधावे, दुसऱ्या रात्री उसळ करावी. ही भाजी बसच्या वेळापत्रकात आपोआप बसते.

5. डबा भरणे, भाजी निवडणे, पाणी भरणे ही कामे एकट्या बाईवर टाकू नयेत. तीही दहा तास बाहेर राबून आलेली असते. पुरुषांनी व मोठ्या मुलांनी वाटा उचलावा.

हा पाचवा मुद्दा आम्ही शेवटी लिहिला असला तरी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. बाकीचे चारही त्यावर अवलंबून आहेत. बस आपल्यासाठी थांबणार नाही आणि कारखान्याचा भोंगाही पुढे-मागे होणार नाही. पण आदल्या रात्रीचा अर्धा तास आपल्या हातात आहे. तो सर्वांनी मिळून वापरला तर शेतात पिकलेले अन्न घरच्यांच्या ताटात परत येईल.